साचे थांबले की मी बहिरा

त्या दिवसांत आख्ख्या लालबागात माझ्याइतका शूर माणूस नव्हता. पोलिसांची गोळी सुटली तरी मी कधी दचकलो नाय. दचकायला आधी ऐकू यावं लागतं.

लहानपणी गावाला तापानं फणफणलो, तेव्हा कान गेले ते गेलेच. बोलणं तेवढं राहिलं, तेही जरा जास्त. आताही मी बोलतोय नि सून लिहून घेतेय, आणि मधेमधे हातानं सांगतेय, हळू, शेजारी दारात आले.

मुंबईला मला मामानं आणलं. आधी माझगावला गोदीत नेलं. तिथला मुकादम म्हणाला, वरनं माल उतरताना आम्ही ओरडणार नि हा खालीच बघत राहणार, मग ह्याला उचलणार कोण? मग मामानं मला त्याच्याच गिरणीत घातलं, साच्यांच्या खात्यात, जिथं कापड विणतात. आत पाऊल टाकलं तशी पायाखालची जमीन थरथरायला लागली. बघतो तर सगळे माझ्यासारखेच. शेकडो साचे धडधडतायत, कुणाचं कुणाला ऐकू येत नाय, म्हणून माणसं ओठ नि हात हलवून बोलतायत. डब्यातला बांगडा, बायकोची कुरकुर, मोर्चाची बातमी, सगळं चार साच्यांपलीकडून. साचे चालू असले की सगळेच बहिरे. साचे थांबले की मी एकटा.

"कोणाक सांगा नको," मामानं बजावलं होतं. "जॉबराक कळला तर गेटावरनंच परत."

मी बदली कामगार. रोज सकाळी गेटावर उभं राहायचं. कोण आलं नाय ते बघून जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, पायरीवरनं बदल्यांची नावं पुकारणार. नाव आलं तर साचा, नाय तर घरी. मी कायम पुढच्या रांगेत, त्याच्या तोंडाकडे टक लावून. त्यात त्याची मिशी अशी, की वरचा ओठ दिसायचाच नाय. खालच्या ओठात तंबाखू. उरलेल्या ओठावर माझं पोट.

एकदा एका हातानं अधू असलेला एक माणूस बदलीसाठी येऊन उभा राहिला. जॉबर त्याला म्हणाला, "तू देवळाच्या पायरीवर बस, तिथं बरं मिळेल." ते वाक्य मला मिशीतूनसुद्धा स्पष्ट दिसलं.

मग ते दिवस आले. मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून गिरणगाव पेटलं होतं. एके दुपारी पायाखालची थरथर एकदम बंद झाली. साचे थांबले. सगळे पाठी फिरवून तोंडानं बोलायला लागले नि माझं बोलणंच संपलं. मामानं दंडाला धरलं, तसा मी रस्त्यावर.

घोषणा मी पण दिल्या. शेजारच्याचं तोंड उघडलं की माझं उघडायचं. फक्त सगळे थांबले ते मला कळायचं नाय. गप्प मोर्चात मी एकटाच "झालाच पाहिजे" म्हणून बोंबलायचो आणि लोक वळून बघायचे. मला वाटायचं, माझा आवाज आवडला.

अशाच एका बोंबेला लोक वळले ते माझ्याकडे बघायला नाय, पळायला. समोर धूर उठला. डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. एक माणूस पळता पळता आडवा झाला नि उठलाच नाय. ऐकणाऱ्याला निदान कळतं, आवाज कुठनं आला, कुठं पळायचं. मला सगळीकडूनच गोळी येत होती. मामानं ओढत एका चाळीत नेलं आणि जिन्याखाली कोंबलं. तिथं आधीच कोण बसला होता? जॉबर.

फटीतून पोलिसांचे बूट दिसत होते, नळापाशी. जॉबरनं बोटं दाखवली, तीन आहेत. मग तळहात खाली दाबला, श्वासपण घेऊ नका. खात्यातलीच भाषा. मामा ओठांनी म्हणाला, "मागच्या मोरयेतसून वाट आसा." जॉबर ओठांनी म्हणाला, "बूट हलू दे." मी दोघांकडे बघून मान हलवत होतो. पण घाबरलो की माझं एक होतं, लघवी धरवत नाय. मी मामाच्या कानाला तोंड लावलं आणि अगदी हळूच, माझ्या मते अगदी हळूच, म्हणालो, "मामा, मला लागलीय."

मामाचा चेहरा पांढरा पडला. जॉबरनं डोळे मिटून घेतले. बूट आमच्याकडे वळले.

मला पहिला बाहेर ओढला. समोर पोलीस, धुरासाठी तोंडाला रुमाल बांधलेला. रुमाल हलत होता, म्हणजे तो काहीतरी विचारत होता. काय, ते देवाला ठाऊक. ओठच नाय तर मी ऐकणार कुठून? मी गप्प. रुमाल जोरात हलला. मी गप्प. लाठी पोटरीवर बसली. मी खाली बसलो. लाठी परत वर गेली. मागं मामा हात जोडून उभा नि त्याच्या बाजूला जॉबर, माझ्याकडे बघत. एक शब्द बोललो तर लाठी थांबेल, पण उद्या गेटावर देवळाची पायरी. मी वर लाठीकडे बघितलं, मागं मिशीकडे बघितलं. खरं सांगतो, मिशीचीच भीती जास्त वाटली.

दुसरी लाठी खांद्यावर बसली, आणि तोंडातनं आपोआप निघालं.

"मी बहिरा आहे. मला ऐकू येत नाय. रुमाल काढून बोला."

वरच्या सगळ्या गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली. पोलिसानं खरंच रुमाल खाली केला. पोरसवदा होता, डोळे त्याचेही लाल. "घरी जा," असे ओठ हलले. मग पार्श्वभागावर एक लाठी ठेवून दिली, समजायला सोपं जावं म्हणून. मामाला नि जॉबरलाही सोडलं. जॉबर मिशी पुसत निघून गेला.

कर्फ्यूचे दिवस मी मामाच्या घोडपदेवच्या खोलीत काढले. झोपताना जमिनीवर तळहात ठेवायचो. कुणी गॅलरीतून धावलं की हाताला कळायचं आणि मी उठून बसायचो, पोलीस आले. मग हाताखालची थरथर थांबली की दुसरी भीती. गोदी गेली, गिरणी गेली, आता कुठं? मामा म्हणायचा, बघू. मामाला "बघू" म्हणताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

गिरणी सुरू झाली, तशी मामानं ढकलून पाठवलं. मी गेटावर सगळ्यांच्या मागं उभा राहिलो. जॉबरनं नावं पुकारली, माणसं आत गेली. माझ्या पुढची रांग संपत आली, माझे पाय आधीच घराकडे वळले होते. तेवढ्यात तो पायरी उतरून थेट माझ्यासमोर आला. हनुवटी धरून माझं तोंड वर केलं आणि मिशी बोटानं बाजूला सारून सावकाश ओठ हलवले.

"माझा डावा कान कधीच गेलाय. बायकोलापण ठाऊक नाय."

आजूबाजूचा एकही माणूस वळला नाय. म्हणजे आवाज काढलाच नव्हता, खात्यातल्यासारखं बोलला होता. मग त्यानं आत जायला बोट दाखवलं. मी दोन पावलं गेलो, तर खांदा धरून मला परत फिरवलं. पुढचं त्यानं चांगलं मोठ्यानं म्हटलं असणार, कारण उरलेले सगळे बदली पोट धरून हसायला लागले.

"कानांचं माझं काय म्हणणं नाय. पण मुतायला जायचं तर हात वर कर, आख्ख्या लालबागला सांगू नको."