अड्यारला दाह म्हटलं की पाणी येतं

मी स्वतःच्या हातांनी बनवलेल्या वस्तू: मागावरचा धागा तुटला की माग थांबवणारा स्विच, अंडी उबवायची पेटी, दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीचा पंप, घरची पिठाची गिरणी, मोटर सोडून, आणि कमी ऑक्सिजनची पेटी. पहिल्या चार सोलापुरातच आहेत. पाचवी चेन्नईत, अड्यारच्या एका संशोधन संस्थेत. दहावीनंतर मी कुठल्याही कॉलेजात गेलो नाही, जे येतं ते मोडून-जोडून आलं, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे. नव्यांनी आता समजून घ्यावं.

पाचव्या पेटीचं असं झालं. वैदेही नावाची मुलगी तिथे पीएच.डी. करते. घराणं तंजावरकडचं मराठी, कित्येक पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. ब्लॉगवरची अंड्यांची पेटी पाहून तिने लिहिलं, अशीच हवी, पण उबेबरोबर आतला ऑक्सिजनही कमी ठेवणारी. परदेशी पेटी त्यांच्या आवाक्याबाहेर होती. मी करून दिली. अ‍ॅक्रिलिक, रबराची गॅस्केट, नायट्रोजनचा व्हॉल्व्ह, आणि दर्शनी भागावर आतला ऑक्सिजन दाखवणारे मोठे लाल आकडे. ते आकडे पलीकडच्या भिंतीपासून वाचता येतात.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पेटीत ठेवल्या की ऑक्सिजन घटल्याचं त्या कधी ओळखतात, कधी ओळखतच नाहीत. तिच्या मार्गदर्शक मॅडमचं मत, पेटी गळते. गळत असेल तर दोन वर्षांचं काम पाण्यात. शेवटी तिने हळूच विचारलं, "काका, खरं सांगा. गळते की काय?"

माझी पेटी गळत नाही, असं सांगून मी फोन ठेवला आणि तिकीट काढलं.

सोलापूरहून चेन्नईची गाडी रायचूर, गुंतकल करत जाते. स्लीपरमध्ये उकाड्याची तयारी ठेवा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी मी घरून घेतली होती; समोरच्या तेलुगू कुटुंबाने चटणी चाखली आणि डबा रेणिगुंटा यायच्या आत रिकामा झाला. चेन्नई सेंट्रलला सामानाच्या तपासणीत माझी साबणपाण्याची बाटली, रबरी नळ्या आणि दाबमापक पाहून हवालदाराने विचारलं, प्लंबर का? मी नाही म्हणालो. मग कोण, याचं एका शब्दात उत्तर देता येईना, तेव्हा त्याने जा म्हणून हात केला.

मुक्काम एग्मोरला केला. सेंट्रलहून मेट्रोने एकच स्टेशन, रिक्षावाल्यांशी घासाघीस नको. खोली चौदाशे, स्वच्छ, खिडकी मात्र जिन्यात उघडणारी. खाली फिल्टर कॉफी पंचवीस रुपये. डबरा-टंबलरमध्ये, म्हणजे पसरट वाटी आणि पेल्यात, ती वर-खाली ओतून प्यायची असते. मी पहिल्याच दिवशी शर्टावर ओतली.

अड्यारला बसने जा, सकाळी नऊच्या आत. प्रयोगशाळेत शिरल्याशिरल्या मी पेटीचा प्रत्येक जोड साबणपाण्याने पुसला, आत किंचित दाब भरला आणि बुडबुड्यांची वाट पाहिली. एकही नाही. दाबमापक लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा जिथल्या तिथे. मॅडमनी स्वतः वाकून पाहिला आणि ठीक आहे म्हणाल्या, पण चेहरा काही ठीक नव्हता. पेटी गळत नाही म्हणजे मग वैदेहीचा हात चुकतो, असा त्याचा सरळ अर्थ होत होता. मी जिंकलो होतो आणि ती पोर माझ्याकडे पाहत नव्हती. हे कसलं जिंकणं, मला समजेना.

त्याच दुपारी संस्थेत सेल्वम नावाचे गृहस्थ भेटले. चेन्नईजवळ ओरगडमला मोटारीच्या कारखान्यांना लागणारे पत्र्याचे भाग बनवतात, आता प्रयोगशाळांच्या उपकरणांत उतरायचं म्हणतात. पेटीभोवती दोनदा फिरले, लाल आकड्यांचा फोटो घेतला आणि हिंदीत म्हणाले, हा आकडाच विकला जातो, साहेब.

संध्याकाळी वैदेहीने अड्यारमधल्याच आपल्या घरी जेवायला नेलं. तिचे वडील गोपाळराव, निवृत्त हेडक्लार्क, दारातच हात जोडून उभे. "या, बसा. प्रयाण बरं झालं की?" आमच्याकडे प्रयाण म्हणजे माणूस गेलाच. त्यांच्याकडे प्रयाण म्हणजे नुसता प्रवास. जेवायला वांग्याची रसवांगी आणि डांगर पच्चडी, म्हणजे दह्यात कालवलेलं उडदाचं पीठ. दोन्ही आवर्जून खा, पण हॉटेलात मिळतील असं समजू नका.

जेवताना मी वैदेहीला तिच्या पेशींचं विचारत राहिलो. मूळच समजलं नाही तर बिघाड कसा शोधणार? ती मराठी, तमिळ, इंग्रजी मिसळून सांगत होती. पेशी म्हणे एक प्रथिन सतत बनवते, आणि बनवल्याबरोबर मोडून टाकते. दिवसभर, विनाकारण. मला हे पटेना. कुठला कारखाना माल बनवून दारातच तोडतो?

"मोडणारा ऑक्सिजनवर चालतो, काका," ती म्हणाली. "ऑक्सिजन घटला की मोडणाऱ्याचा हात थांबतो. प्रथिन साठतं. नवं बनवण्यात वेळ जात नाही, मोडणं थांबलं की पुरे."

तेच साठलेलं प्रथिन पेशीला सांगतं, हवा कमी आहे, काटकसरीने राहा, मरू नकोस. एरवी दिवसभरात संपणारी पांढरी पेशी मग तग धरते आणि आजूबाजूला आग लावत बसते. मला तो धागा तुटल्यावर थांबणारा माग आठवला. फक्त इथे सगळं उलट लावलेलं.

मग मी विचारलं, आधी दाह होतो आणि त्यामुळे ऑक्सिजन घटतो, की ऑक्सिजन घटल्यामुळे दाह? गोपाळराव उठले आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला. मी आभार मानून बाजूला सरकवला. पुन्हा म्हणालो, म्हणजे दाह वाढला की पेशी… दुसरा पेला आला. तिसऱ्यांदा मी म्हणालो की सगळा घोळ या दाहाचाच आहे, तेव्हा ते तांब्याच घेऊन आले आणि काळजीने म्हणाले, "इतका दाह बरा नव्हे. साखर तपासलात काय?"

वैदेही हसून हसून टेबलावर डोकं टेकून बसली. त्यांच्या घरात, तमिळच्या वळणाने, दाह म्हणजे तहान. सूज, जळजळ, तो आमचा दाह त्यांना माहीतच नाही. बापाला समजावून झाल्यावर ती थोडी गंभीर झाली. म्हणाली, अप्पांचं फार चूक नाही. सूज आलेल्या जागी पेशींची झुंड जमते, सगळ्या ऑक्सिजन ओढतात, पुरवठा पुरत नाही. तहानलेल्याच असतात त्या. आणि आधी कोण, नंतर कोण? दोघं एकमेकांना ओढत राहतात. मी मान हलवली. समजलं असं नाही, पण मान हलवली.

माणुसकी म्हणून मी एक पेला उचलला. गोपाळरावांनी तो माझ्या हातून काढून घेतला.

"ते नक्को, गरम असेल. एसी लावून अर्धा तास झाला, खोली गार, पाणी तसंच."

मी पेल्याकडे पाहत राहिलो. वैदेहीही. मग ती सावकाश म्हणाली, "काका, तुमचे आकडे कुठलं मोजतात?"

"पेटीतली हवा."

"पेशी हवेत नसतात. पाण्यात असतात."

आम्ही दोघं ताटावरून उठलोच. जेवणही तसंच राहिलं, याचं गोपाळरावांना वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने शेजारच्या विभागातून द्रवात बुडवून तिथला ऑक्सिजन मोजणारी सुईसारखी बारीक काडी उसनी आणली. पेशी ज्या द्रवात वाढतात तो भांड्यात भरला, काडी आत, पेटी बंद. माझे लाल आकडे झपाझप उतरले आणि एक टक्क्यावर थांबले. काडीचा आकडा मात्र जेमतेम हलला. आम्ही बसून राहिलो, कँटीनचा लेमन राईस (चाळीस रुपये, ठीक) खाल्ला, परत आलो. अजून उतरतच होता. द्रव जितका खोल, तितका सावकाश. म्हणजे तिच्या दोन-तीन तासांच्या प्रयोगांत पेशींना ऑक्सिजन घटल्याचं कळलंच नव्हतं, कारण त्यांच्यापाशी तो घटलाच नव्हता. रात्रभराच्या प्रयोगांत कळलं होतं.

वैदेहीने मॅडमना बोलावून काडी दाखवली. रात्रभराचं काम टिकलं. दोन-तीन तासांचं सगळं पुन्हा, आणि या वेळी द्रव आदल्या रात्रीच पेटीत ठेवून. मॅडम गेल्यावर तिने काडी पुसून ठेवली. मग तमिळमध्ये 'ठीक' म्हणतात तसं म्हणाली, "सरी, काका. निदान माझा हात चुकत नव्हता."

पेटीचं काय म्हणायचं, हे मला त्या दिवशी ठरवता आलं नाही. गळत नव्हती. आकडा खोटा नव्हता. आणि तरी तो आकडा पाहून एक मुलगी कित्येक महिने स्वतःवर शंका घेत होती. हवेपुरता तो खरा होता, पण त्या हवेत राहणारं कुणीच नव्हतं.

सेल्वम पेटीचा आराखडा मागायला एग्मोरच्या हॉटेलखाली कॉफीला आले. मी त्यांना सगळं सांगितलं. द्रवात बुडणारी काडी जोडल्याशिवाय पेटी देता येणार नाही, आणि तशी काडी बनवायला मला अजून जमत नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, गिऱ्हाईक काडी मागत नाही, आकडा मागतं. काडी पुढच्या मॉडेलला लावू.

परतीच्या गाडीत वरचा बर्थ मिळाला. झोप आली नाही. घरी बायकोला दाहाची गोष्ट सांगितली, ती हसली, मग तिने विचारलं, मग आधी काय होतं, दाह की तहान? मला अजूनही सांगता येत नाही. टेबलावर तीन मोडक्या काड्या पडल्या आहेत, चौथी लेथवर आहे. वैदेहीचे छोटे प्रयोग सुरू झालेत.

सेल्वम यांचा लेखी देकार आला तो असा: पेटीचा पूर्ण आराखडा, लाल आकड्यांसह, जशी आहे तशी, एकरकमी अकरा लाख रुपये. मी 'नाही' असं कळवलं.