अनंतपाळला निघालेला टँकर

लातूर जिल्हा नवा झाला, दुष्काळ मात्र जुनाच होता. मी शेजारच्या जिल्ह्यातला, मुखेडचा, नव्या कचेरीत टंकलेखक म्हणून नुकताच चिकटलेलो. जुन्या जिल्ह्याहून टँकरच्या गावांची यादी आली. ती ज्या मशीनवर टंकली होती, त्याची मोकळ्या जागेची पट्टी बहुतेक दबतच नसावी. स्वल्पविराम नाही, काही नाही. उन्हात वितळलेल्या रेवड्यांसारखं गावाला गाव चिकटलेलं. ती फोडून, एकेका गावाला आकडा घालून, मला नव्यानं टंकायची होती.

शहाण्या माणसानं कचेरीतल्या कुणालाही विचारलं असतं. मला लाज वाटली. मी मोठ्यानं वाचायचो आणि जीभ थांबेल तिथं पेन्सिलीनं उभी रेघ मारायचो. ‘शिरूरअनंतपाळ’ आलं. एवढं लांबलचक गाव कुठं असतंय, म्हणून मधोमध रेघ मारली, दोन गावं केली आणि स्वतःवर खूश होऊन चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ड्रायव्हर भरला टँकर घेऊन कचेरीच्या दारात.

“भाऊसाहेब, शिरूरला सकाळीच एक टँकर गेलाय. मी अनंतपाळ हुडकायलोय. कुठं हाय ते?”

हेडक्लार्कनी यादी पाहिली, मग माझ्याकडं पाहिलं. शिरूर अनंतपाळ हे एकच गाव होतं. टँकर मोजकेच. माझ्या नव्या गावानं एक खाल्ला आणि यादीतलं शेवटचं गाव कोरडं राहिलं. ते माझ्या अक्काचं सासर.

“बसा टँकरमध्ये,” हेडक्लार्क शांतपणे म्हणाले. “पोचवून या.”

वाटभर मला बसवेना. टँकरचा नळ गळत होता. दर वळणाला मी उतरून पाहायचो. शेवटी ड्रायव्हर म्हणाला, तुम्ही पाहिल्यानं गळायचं थांबत असंल तर मागं लटकूनच चला.

गावात बाया सकाळपासून घागरी मांडून बसलेल्या. नळी धरायचं काम माझ्याकडं आलं. उशीर का झाला, ते ड्रायव्हरनं मीठमसाला लावून सांगितलं. कचेरीतला तो दीडशहाणा कोण, तेवढं मात्र गिळलं. बाया त्याचा उद्धार करू लागल्या आणि मीही मान डोलवत राहिलो. रांगेत मागं उभी असलेली अक्का माझ्याकडं एकटक बघत होती.

तिची पाळी आली तेव्हा धार करंगळीएवढी उरली होती. घागर अर्धी भरली आणि धार तुटली.

शेजारणीनं विचारलं, हा पँटवाला कोण गं?

अक्कानं अर्धी घागर कमरेवर घेतली.

“कोण की. टँकरासंगं आलाय.”