आखाजीचा मुराळी आणि अमेरिकेची मुदत

हसायचंच असेल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल! मी केलेला गाढवपणा बायकोने सुरतेतल्या आमच्या अख्ख्या उधन्याला सांगून टाकलाय. तुम्हीच काय ते राहिलात.

एकदा कोर्टात साक्षीदार म्हणून उभा राहिलो, तेव्हापासून आमच्या खानदेशी मंडळात मला 'वकीलसाहेब' म्हणतात. लोकांनी चिडवायला ठेवलेलं नाव मी पदवी समजून घेतलं, दुसरं काय!

माझा भाचा सागर अमेरिकेत असतो. तिथे दुसऱ्या राज्यातल्या एका हॉटेलचा कठडा तुटून तो पडला आणि उजवा हात कायमचा अधू झाला. हॉटेलवर दावा लावायचा होता. सागर आणि हॉटेलवाले वेगवेगळ्या राज्यांतले, म्हणून खटला केंद्राच्या कोर्टात. सागरने मला फोन केला. (हौस त्याची!)

"मामा, वकील म्हणतो, कोर्ट केंद्राचं असलं तरी कायदा त्या राज्याचाच लागणार. आणि त्या राज्यात दावा लावायची मुदत आखाजीच्या आधीच संपते."

"अरे, एवढ्या मोठ्या कोर्टात राज्याला कोण विचारतं? घाई नको. आखाजीला सुरतला ये, दावा परत जाऊन लाव!"

खरं सांगू? आखाजी म्हणजे आमची खानदेशी अक्षय तृतीया, लेकींनी माहेरी यायचा सण; त्या गर्दीत मला मंडळात अमेरिकेचा भाचा मिरवायचा होता.

आला बिचारा. मीही त्याला सुरतभर, पर्वत पाटियापासून पार सचिन गावापर्यंत, स्कूटरवर मागे बसवून मिरवलं.

आखाजीच्या आदल्या दिवशी मंडळात भांडण आलं. शहाद्याला लग्न झालेली एक मुलगी; सासर-माहेर दोन्ही उधन्यात, मध्ये दोन गल्ल्या. पहिल्या आखाजीला भाऊ मुराळी होऊन न्यायला आला तरच माहेरी जाईन, म्हणून रुसून बसलेली. भाऊ म्हणे, "सुरतमा कोन मुराळी बनीसन येस? रिक्षा करीसन ये!"

मी खाकरलो. ताठ बसलो. "मंडळ सुरतचं असलं म्हणून रीत सुरतची लागत नाही! आधी कोणी बोलायचं, कोणी गप्प बसायचं, एवढंच मंडळ ठरवणार. लग्न शहाद्याचं, तर रीतही शहाद्याचीच. मुराळी गेलाच पाहिजे!"

टाळ्या! काय टाळ्या! भाऊ निमूट बहिणीला आणायला निघाला.

एकटा सागर टाळ्या वाजवत नव्हता. मला वाटलं, हातामुळे असेल.

"मामा," तो हळूच म्हणाला, "माझा वकील हेच सांगत होता ना?"

मी बोटांवर दिवस मोजले. मुदत तर कालच संपलेली! पोराचा हात आधीच गेलेला, आता दावाही मी घालवला. खरंच रडू फुटायचं बाकी होतं. बायको सगळ्यांसमोर कडाडली, "तुम्हले कोनी शहानपन इचारं व्हतं का?"

सागरने अमेरिकेत बायकोला, पल्लवीला, फोन लावला. मी देव पाण्यात घालून बसलो.

"दावा? तो केव्हाच लागला," पल्लवी शांतपणे म्हणाली. "कागदांवर तुझ्या सह्या होत्याच. मामा 'घाई नको' म्हणतात असं तू सांगितलंस ना, त्याच दुपारी मी वकिलाला म्हटलं, आजच्या आज लावा! मामांचा मान राहावा म्हणून बोलले नाही इतकंच."

मान राहिला हो! फक्त फोनचा स्पीकर चालू होता आणि समोर सगळं मंडळ बसलेलं.

तेव्हापासून मंडळात सगळ्यात आधी माझाच सल्ला घेतात. मी 'थांबा' म्हटलं, की लोक चपला घालून पळत सुटतात!