बोअरचं पाणी आणि मुक्ताचं सोनं

गेल्या शनिवारी लेकीच्या लॅबमध्ये मी असा काही घोळ घातला, की आठवलं तरी अजून कानकोंडी होते...

मुक्ता इथेच चेन्नईत पीएचडी करते. सोन्याचे अगदी बारीक कण, म्हणजे नॅनोपार्टिकल्स... ते नेमके कॅन्सरच्या पेशी शोधून तिथेच जाऊन बसतात. मग स्कॅनमध्ये गाठ दिसते, आणि लेझर टाकला की कण तापून तेवढीच गाठ जळते. अर्थात सध्या हे सगळं काचेच्या बशीतल्या पेशींवर चाललंय.

शनिवारी लॅबचा ओपन डे होता, घरच्यांनाही बोलावलं होतं. पण धाकधूक वेगळीच... त्याच दिवशी तज्ज्ञांची कमिटी तिचं काम बघणार होती. उंदरांवर चाचणीला परवानगी द्यायची की काम इथेच थांबवायचं, हे त्यांच्या हातात होतं. पोरीची चार वर्षं पणाला लागली होती.

मुक्ता पोस्टर लावण्यात गुंतली होती. टेबलावरच्या रिकाम्या बाटल्यांवर मला धूळ दिसली आणि माझे हात शिवशिवले. घरी करते तेच केलं... नळाखाली धरून खळाखळा विसळल्या आणि तशाच ओल्या ठेवून दिल्या. आता आमच्या शोळिंगनल्लूरकडचं बोअरचं पाणी, घरचं काय आणि लॅबचं काय, म्हणजे निव्वळ मीठ! चोवीस वर्षं तोट्यांवरचे पांढरे थर खरवडतेय, पण तेव्हा डोक्यात येईल तर शपथ.

कमिटी आली. मुक्तानं तुलनेसाठी आधी कोटिंग, म्हणजे वरचं संरक्षक आवरण, नसलेले साधे कण बाटलीत ओतले. कोकम सरबतासारखा लाल रंग बघता बघता जांभळा झाला, मग निळा... म्हणजे कण बिघडले, एवढं मलाही कळत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी हळूच नळाकडे बोट दाखवलं.

पोरगी शांत. त्याच नळाचं पाणी तिनं ग्लासात घेतलं आणि त्यात कोटिंग केलेले कण ओतले... रंग लालच राहिला. मिठानं कण एकमेकांना चिकटतात, रक्तही खारटच असतं, तिथेच गोळा झाले तर गाठीपर्यंत पोचणार कसे, असं तिनं समजावलं. त्या कोटिंगपायीच दोन वर्षं गेली होती.

कमिटीतल्या बाई खूश झाल्या. नळाच्या पाण्याची ही कल्पना कुणाची, असं त्यांनी विचारलं.

मुक्ता म्हणाली, "कल्पना नाही मॅडम, चूक झाली. आईनं बाटल्या या पाण्यानं धुतल्या, आणि मी न तपासता वापरल्या."

मी मान खाली घातली. 'माझीच कल्पना' असं ठोकून देता आलं असतं की तिला, माझीही लाज राहिली असती... क्षणभर रागच आला.

सोमवारी परवानगीचा मेल आला. मुक्ता नाचत होती आणि मी आपली विचार करत बसले होते... उद्या हे कण कुणाच्या तरी आईच्या अंगात सोडतील. ते बनवणारी मुलगी स्वतःच्या आईची चूकसुद्धा झाकत नाही, हे त्या आईला कधी कळणारही नाही. मला कळलंय, आणि फार अभिमान वाटतोय.