चेट्टियारच्या दुकानातली गोळी

"अक्का गेली," रघूचा फोन आला आणि त्याच दमात तो म्हणाला, "ताई, कोणी विचारलं तर वय झालं होतं, एवढंच सांगा. गोळ्यांचं नको." बहिणीचं अंग अजून गार पडलं नव्हतं आणि याला गोळ्यांची लाज! मला धड रडूही येईना. महिना होत आला, तो राग काही उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

सुधाक्का तंजावरी मराठी. इकडे तमिळ मुलखात, वेलचेरीत आमच्या वरच्या मजल्यावर धाकट्या भावाकडे, रघूकडे राहायची. शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेली. माझ्या पुणेरी बोलण्याला 'पेपरातली मराठी' म्हणून चिडवायची. तिला रक्ताचा कर्करोग निघाला. नेहमीच्या उपचारांना मनोविकारांवरच्या एका जुन्या औषधाची जोड देऊन पाहायची, असा अभ्यास रुग्णालयात चालू होता. गुण येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. "गोळीला काय ठाऊक मा, ती कुठल्या रोगाची ते?" म्हणत अक्काने सही केली.

रघूला कर्करोगापेक्षा त्या गोळीचीच धास्ती. मुलीचं लग्न ठरत होतं ना... गोळीचं नाव कोणी मोबाइलवर शोधलं तर? गेल्या नवरात्रात मुलाकडच्या बायका गोलूच्या, म्हणजे इकडे घरोघरी पायऱ्यांवर मांडतात त्या बाहुल्या पाहायला येणार, तर या शहाण्याने सकाळीच गोळ्या पार शोळिंगनल्लूरच्या आपल्या ऑफिसात नेऊन कुलपात ठेवल्या. म्हणे, एका दिवसाने काय होतंय! अंगात ताप असताना अक्का शेअर ऑटोने गेली, चारचौघांत गोळ्या मागून घेऊन आली. आणि गोलूच्या खालच्या पायरीवर धान्याचं दुकान मांडून बसलेला चेट्टियार वाण्याचा बाहुला असतो ना, त्याच्या डाळ-तांदळाशेजारी तिने ती स्ट्रिप ठेवली.

"ही कसली?" मुलाच्या आत्याने विचारलं.

"माझी. मनाच्या आजारावरची. मला रक्ताच्या कर्करोगासाठी दिलीय. हरभऱ्याचं सुंडल घ्या."

लग्न मोडलं. रघू अक्काशी शेवटपर्यंत बोलला नाही. औषधाचा उपयोग किती झाला, डॉक्टरांनाही सांगता येत नाही. पण दहाव्याला आलेल्या नातेवाइकांना मात्र खात्री, त्या गोळ्यांनीच ती गेली. आणि समजा, मनाच्याच आजारासाठी घेत असती, तर? तर काय तिला माणसांतून उठवणार होतात?

या वर्षी त्यांच्याकडे गोलू नाही, घरात मृत्यू झालाय. रघूने बाहुल्या बांधून ठेवल्या. चेट्टियार मात्र त्याला डोळ्यांसमोर नको होता, तो मी मागून आणला. दाराशी फळीवर बसवलाय, पुढ्यात अक्काची शेवटची रिकामी स्ट्रिप. काल रघू दारात उभा राहून म्हणाला, "तेवढी काढा ना, ताई. लोक येतात तुमच्याकडे."

"येतात ना," मी म्हटलं, "म्हणूनच दाराशी ठेवलीय."