अखाजी आणि प्रवाळाचे तुकडे

लग्न होऊन मी जळगावला आले तेव्हा आमच्या बैठकीत सोफा नव्हता, काचेची टाकी होती. नवरा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा. मुंबईहून त्यानं मुठीएवढं जिवंत प्रवाळ आणलं होतं, मऊ, पिवळट, भूछत्रासारखं. शेजारणी विचारायच्या, "पोवळंच ना हे? मग अंगठी कधी करताय?" टाकीसाठी समुद्राचं पाणी कॅन भरभरून आगगाडीनं यायचं. मे महिन्यात आमच्या नळाला साधं पाणीसुद्धा चटका देणारं येई, तिथं हा समुद्र गार ठेवायचा होता.

नव्वदनंतरची ती वर्षं. ऐन दुपारी वीज जायची आणि टाकीतला पंप बंद पडायचा. मग बर्फाच्या बाटल्या पाण्यावर तरंगत ठेवायच्या आणि हातानं पाणी ढवळत बसायचं. पाणी उडून जाई, मीठ मागं राही, म्हणून भर घालायची ती साध्या पाण्याची. हे सगळं माझ्याकडे, कारण उन्हाळ्यात नवरा पेपर तपासायला नाशिकला. जाताना म्हणायचा, "यंदा माहेरी जाणं राहू दे. तू घरी आहेस म्हणून मला काळजी नाही." त्या वाक्याचा मला फार राग यायचा.

नेमकी त्याच दिवसांत अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्या खानदेशात दिवाळी एक वेळ चुकली तर चालते, पण अखाजीला लेक माहेरी हवीच. माझं माहेर धुळ्याजवळच्या खेड्यात. धाकटा भाऊ घ्यायला यायचा, टाकीकडे रागानं बघायचा आणि आईनं दिलेला सांजोऱ्यांचा डबा ठेवून एकटाच परत जायचा. अशा दोन अखाज्या गेल्या. गावच्या पोरी झोक्यावर आणि मी टाकीत कोपरापर्यंत हात घालून.

पुढच्या थंडीत मी डोकं चालवलं. हे प्रवाळ गुलाबाच्या फांदीसारखं तुकड्यातून वाढतं, असं नवराच सांगायचा. दाढीच्या नव्या ब्लेडनं मी त्याची कड कापली. ते आक्रसलं, चिकट पाणी सुटलं. तुकडा खडबडीत दगडावर ठेवून वरून मच्छरदाणीचं कापड सैल बांधलं. घट्ट बांधला तर सडतो, सुटा ठेवला तर वाहून जातो. काही आठवड्यांनी त्यानं दगड धरला. तो मी नवऱ्याच्या एका सहकाऱ्याकडे दिला. तिकडे एक जगला की इकडचा मेला तरी चालेल आणि मी मोकळी, असा माझा हिशेब.

नवरा एवढा खूश झाला की म्हणाला, "अजून काप." होळीपर्यंत आमच्याकडे तीन टाक्या झाल्या. मात्र नाशिकला निघताना तो म्हणाला, "यंदा जा तू. मेलं तर मेलं." दोन वर्षं मी हेच ऐकायला थांबले होते.

अखाजीच्या आदल्या दिवशी भाऊ आला. माझी पिशवी भरलेली होती. तो चहा पीत असतानाच सहकाऱ्याची बायको रिक्षातून उतरली, हातात झाकलेली बादली. "आम्ही सगळे भुसावळला माझ्या माहेरी चाललोय," ती म्हणाली. "म्हटलं, तुम्ही काय, घरीच असता." बादली ठेवून ती गेलीसुद्धा.

मी झाकण काढलं. मी कापलेला पहिला तुकडा. एका कडेला ब्लेडची सरळ रेघ अजून दिसत होती, बाकी चांगला फुलला होता. तेवढ्यात पंखा थांबला. वीज गेली होती.

"अक्का, चाल ना वं," भाऊ म्हणाला. "माय वाट देखी रायनी. निंबले झोका बांधेल शे."

"आईला सांग, पुढच्या वर्षी येईन," मी म्हणाले आणि बादलीत हात घातला. या खेपेला मला कोणी अडवलं नव्हतं. भावानं सांजोऱ्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि चपला घातल्या. तो जिना उतरून रस्त्याला लागेपर्यंत मी पाणी ढवळत राहिले. हात थांबवला असता तर मी त्याच्या मागं गेले असते.