सुई हातात देऊ नये

काकूंनी सुई उंबऱ्यावर ठेवली आणि दोन पावलं मागं सरकल्या.

मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. आम्ही अळणावरकडच्या खेड्यातले, तिथंही गावाच्या टोकाला राहणारे. हुबळीला आलो तेव्हा आईला बाजारातल्या एका साडीच्या दुकानाचं काम मिळालं. घरी बसून साड्यांना फॉल लावायचा. काकू म्हणजे त्या दुकानाच्या मालकीणबाई. घरात मराठीच बोलायच्या. आमच्यात आणि त्यांच्यात सारखं होतं ते एवढंच.

"सुई हातात देऊ नये गं, भांडण होतं," काकू म्हणाल्या.

मला पटलं. आमच्यातही सुई कुणी कुणाच्या हातात देत नाही. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलायची. मग काकूंनी साड्यांचं गाठोडंही उंबऱ्यावर ठेवलं. मग कागदात गुंडाळलेल्या दोन शिळ्या भाकऱ्या. त्याही उंबऱ्यावरच.

मी विचारलं, "काकू, भाकरी हातात दिली तरी भांडण होतं?"

खोडी काढायची म्हणून नव्हतं विचारलं. खरंच कळलं नव्हतं मला. काकूंचा मुलगा आत पाटावर बसून जेवत होता, तो खो खो हसला. काकूंचा चेहरा तेवढा बदलला. "उचलली जीभ लावली टाळ्याला! टाका घाल हिच्या जिभेला," त्या आईला म्हणाल्या.

आईनं माझ्या मुस्काटात दिली. तिथंच, त्यांच्यादेखत. मग वाकून सुई उचलली, गाठोडं उचललं, भाकऱ्या उचलल्या. वाटेत एवढंच म्हणाली, "खाली ठेवलेलं उचलायचं. वर बघायचं न्हाई."

मी वर्षानुवर्षं वर बघितलं नाही. आज हे लिहिताना त्याचीच लाज वाटते, थपडेची नाही.

अण्णा, माझा थोरला भाऊ, धारवाडजवळच्या बेलूरला कारखान्यात लागला. कंत्राटी. एकदा वरून पत्रा घसरून त्याच्या पाठीवर आला. दुखणं थांबावं म्हणून इंजेक्शनं सुरू झाली. कंत्राट संपलं, इंजेक्शनं संपली नाहीत. आधी डॉक्टर टोचायचा, मग अण्णा स्वतः टोचायला लागला. रेल्वेच्या पुलाखाली आणखी तिघं होते त्याच्यासारखे. घरात कुणी काही बोलायचं नाही. आई त्याच्या शर्टाच्या लांब बाह्या धुवायची आणि वाळत घालायची.

एका सकाळी तो माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "तायडे, एक नवी सुई आणून दे. एकच सुई चौघं वापरायलोय आम्ही. मला भ्या वाटायलंय."

मी गेले. कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान काकूंच्याच मुलाचं, तोच जो पाटावर बसून हसला होता. आता सगळे त्याला धाकटे मालक म्हणायचे. आईवडिलांना नवनगरच्या बंगल्यात ठेवून हा बाजारात मोठा झाला होता. दुकानात सात-आठ माणसं होती. मी हळू आवाजात सिरिंज मागितली. त्यानं हळू आवाजात उत्तर दिलं नाही.

"कुणाला? तुझ्या भावाला? चिठ्ठी आहे का डॉक्टरची?"

"न्हाई."

"मग पुलाखाली पडल्यात की ढीगभर. त्यातली एक उचल म्हणावं. तुम्हाला उचलायची सवयच आहे."

लोक हसले. सगळे नाही, दोघं-तिघं. बाकीचे औषधांची नावं वाचत राहिले. मी पायरी उतरले आणि घरी आले. अण्णा दारातच उभा होता. मला इतका राग आला होता की मी ऐकलेलं जसंच्या तसं त्याला ऐकवलं. "पुलाखाली पडल्यात म्हणे, त्यातली उचल."

मी सुई आणली नाही, ते शब्द घरी आणले. आणि अण्णानं ते ऐकले. तो पुलाखाली गेला आणि त्यानं एक उचलली.

काही महिन्यांनी त्याचे डोळे पिवळे झाले. सरकारी दवाखान्यात सांगितलं, ही पाण्यातून होणारी कावीळ नव्हे, ही रक्तातून आलेली, हिनं लिव्हर धरलंय. एचआयव्हीचीही तपासणी केली. डॉक्टरीणबाई कागद बघून कानडीत म्हणाल्या, "इन्नू इल्ल." म्हणजे अजून नाही. नुसतं नाही म्हणाल्या असत्या तर मी रात्री झोपले असते. त्या 'अजून'नं माझी झोप नेली, ती परत आली नाही. दर सहा महिन्यांनी अण्णाचं रक्त तपासतात आणि दर वेळी मी त्या एका शब्दासाठी बाकावर बसून असते.

त्या दवाखान्यातच एका संस्थेच्या बाई भेटल्या. जुन्या बाजाराच्या आमच्याच गल्लीत, औषधाच्या दुकानासमोर, त्यांची एक खोली होती. वापरलेली सुई द्या, नवी घ्या. बस, एवढंच काम. कोण, कुठला, कशाला टोचतोस, असं विचारायचं नाही. बाईंना गल्लीतलं, दोन्ही भाषा बोलणारं माणूस हवं होतं. मी कामाला राहिले.

पहिल्याच दिवशी माझं बाईंशी वाजलं. त्या म्हणाल्या, "कुणी जुनी सुई आणली की हात लावायचा नाही. त्याची त्यानं पेटीत टाकायची." माझ्या डोक्यात उंबरा उभा राहिला. "म्हणजे इथंपण लांबनंच?" मी ओरडले. बाईंनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, "जुनी टोचली तर तुलाच रोग होईल, म्हणून लांब. नव्या सुईला काय झालंय? ती दे ना हातात."

पहिला आला तो मार्केट यार्डातला हमाल, इराप्पा. त्यानं जुनी सुई पेटीत टाकली. मी नवीचं पाकीट पुढं केलं. त्यानं हात मागं घेतला. "केळग इडु, यक्का. जगळ आगतद." खाली ठेव अक्का, भांडण होतं. तीच रीत. काकूंच्या उंबऱ्यापासून हमालाच्या हातापर्यंत तीच. पण मागं घेतलेला त्याचा हात पसरलेलाच राहिला होता, आणि तो मला काकूंचा वाटला नाही, आईचा वाटला. मी म्हटलं, "आपलं दोघांचं कसलं भांडण? घे." पाकीट त्याच्या तळहातावर ठेवलं. तो हाताकडे बघत बसला. त्या दिवसापासून मी एकही नवी सुई खाली ठेवलेली नाही.

अण्णाही तिथं येतो. सुटला म्हणून नाही, सुटलेला नाही तो. कुणी विचारलं तर मी सरळ सांगते. पण आज तो टोचतो ती सुई त्याची एकट्याची असते. सकाळी लोखंडी चिमटा आणि डबा घेऊन तो पुलाखालून, गटाराच्या काठानं फिरतो आणि लोकांनी टाकलेल्या सुया गोळा करून पेटीत आणून टाकतो. आई म्हणते, उचलायचंच नशिबात आहे. मी म्हणते, हे उचलणं वेगळं आहे.

या वर्षी शाळेच्या मागच्या भिंतीलगत एक सुई सापडली. कुणाला लागली नाही, पण गल्ली पेटली. खोली आल्यामुळंच सुया आल्या, असं धाकट्या मालकांनी सांगायला सुरुवात केली. ते आता गल्लीतल्या व्यापाऱ्यांचे अध्यक्ष. खोली नव्हती तेव्हाचे पुलाखालचे ढीग त्यांनीच मला दाखवले होते, ते विसरले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी खिडकीची काच फुटली. मग दारावर कुणीतरी शेण फासलं. मग गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची जीप उभी राहायला लागली. पोलीस काही करायचे नाहीत, नुसते बसायचे. पण आमच्याकडे येणारा माणूस जीप बघून वळायचा. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. पेटी रिकामी.

धाकटे मालक येता-जाता आत डोकावायचे आणि म्हणायचे, "बघा, गिऱ्हाईक संपलं. चांगलं झालं." त्यांना काय कळणार! पेटी भरलेली असली की आम्ही निवांत असतो. भीती रिकाम्या पेटीची. सुया संपलेल्या नसतात. त्या कुठंतरी एका हातातून दुसऱ्या हातात जात असतात, आणि कुठं ते आम्हाला दिसत नसतं. पाचव्या दिवशी इराप्पाची बायको दारात येऊन विचारून गेली, "ह्यो हिकडं आलता काय?" मी नाही म्हटलं. ती पुलाकडे वळली.

परवा, शुक्रवारी सकाळी धाकटे मालक आले. बरोबर पाच-सहा दुकानदार. मी पायरी झाडत होते. बाई धारवाडला गेल्या होत्या. मालकांच्या हातात कागद होता.

"सोमवारपर्यंत खोली खाली करायची. जागामालकाची सही आहे."

मी हात पुढं केला. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग वाकून कागद पायरीवर ठेवला, दोन पावलं मागं सरकले आणि बोटं रुमालाला पुसली.

"उचल."

खरं सांगते, मी वाकले. मला वाकायचं नव्हतं, कंबर आपोआप वाकली. तीस वर्षांची सवय. कागद वीतभर अंतरावर होता. तेवढ्यात माझा पसरलेला हात मलाच दिसला आणि तो आईचा होता. तीच बोटं, फॉल लावताना सुईनं टोचून टोचून खरबरीत झालेली. मी तशीच थांबले. मग सरळ झाले आणि वर बघितलं.

"हातात द्या," मी म्हटलं.

"काय?"

"कागद. हातात द्या."

मागच्या दुकानदारांनाही कळावं म्हणून कानडीतही सांगितलं, "कैयाग कोड्री." 'री' लावायला विसरले नाही. मान द्यायला आम्हाला शिकवलेलं आहे.

मालक लाल झाले. "तुला काय काय रोग असतील, कुणाला ठाऊक?"

"मला रोग नाही. असता तरी कागदातनं गेला नसता. तुम्ही औषधं विकता, तुम्हाला म्हाईत पाहिजे. भाकरीतनंपण जात नव्हता, मालक."

त्यांना पाट आठवला, हे मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांच्या मागचा एक म्हातारा दुकानदार पुटपुटला, "कोड्री अत्लाग, एनागतद." देऊन टाका तिकडं, काय होतंय. त्यांनी दिला नाही. "सोमवारी कुलूप लागेल," एवढं बोलून गेले.

कागद पायरीवर पडून राहिला. दुपारी वारा सुटला, तो गटारात गेला. मी उचलला नाही. मला कुणी काही दिलेलं नाही.

आज रविवार आहे. जीप आजही उभी आहे, आज तिच्या मागं दुसरी आहे. जागामालक फोन उचलत नाही. बाई म्हणतात, वरपर्यंत अर्ज केलाय, बघू. त्यांच्या आवाजात दम नाही. इराप्पा अजून आलेला नाही. मंगळवारी अण्णाची तपासणी आहे. पाच दिवस तो खोलीत आला नव्हता. कुठं होता, मी विचारलं. त्यानं बाह्या खाली ओढल्या.

मी घाबरले नाही असं म्हणणार नाही. फार घाबरले आहे. पण मी ठरवलंय. उद्या कुलूप लागलं तर दाराला लागेल, पायरीला लागणार नाही. पेटी आणि पाकिटांचं खोकं मी आजच घरी नेते आहे. उद्या सकाळी जीपसमोर, औषधाच्या दुकानासमोर मी त्या पायरीवर बसणार. सगळ्यात आधी अण्णा येईल, त्याला सांगून ठेवलंय. सगळ्यांच्या देखत तो जुनी पेटीत टाकेल आणि सगळ्यांच्या देखत मी नवी त्याच्या हातात देईन. खाली ठेवणार नाही.

सुई हातात दिली की भांडण होतं म्हणतात. होऊ दे.